उशीर नेमका कोणाला झालाय?

विवेकानंद जयंतीचा महाप्रसाद ज्यांनी हिवरा आश्रमला जाऊन खाल्लाय त्यांना मी वेगळं काय सांगणार? आणि ज्यांनी खाल्ला नाही त्यांना नुसतं वाचून काय कळणार! मोकळ्या शेतात लांबच लांब पंगती, ट्रॅक्टरमधून येणाऱ्या पुऱ्या, वांग्याची भाजी आणि नजर पोचेल तिथपर्यंत माणसंच माणसं. मेहकर तालुक्यातलं हे आमचं गाव एरवी शांत असतं, पण त्या दिवशी पंचक्रोशीतले सगळे नातेवाईक एकाच ठिकाणी भेटतात. आणि नातेवाईक भेटले की काय होतं, हे हॉस्टेलवाल्यांना सांगायची गरज नाही.

पंगतीत माझ्या शेजारी मोठी आई बसली होती. मोठी आई म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको. पहिली पुरी पानात पडते न पडते तोच तिने विचारलं, "कितवं चालू हाय वं तुहं?"

म्हटलं, "थर्ड इयर."

"मंग आता पाहाले लागते. एक पोरगा हाय, पुन्याले कंपनीत. तुह्या पप्पाले सांगतो मी. उशीर कराचा नाई बाप्पा, मंग चांगली स्थळं भेटत नाई."

मी वीस वर्षांची आहे. पाचव्या सेमचा रिझल्टसुद्धा लागायचा होता. तरीही त्या "उशीर" शब्दाने मी एकदम गडबडले, जणू व्हायवाला माझा नंबर पुकारला आणि मी अजून कँटीनमध्येच आहे!

नंतर हात धुताना डोक्यात एक गंमतीदार विचार आला. आज जयंती कोणाची? विवेकानंदांची. त्यांचं लग्न जमवायचा घरच्यांनी पुष्कळ प्रयत्न केला होता, पण त्यांनी तो जमू दिला नाही. वयाच्या ३९ व्या वर्षी, १९०२ मध्ये ते गेले. लग्न नाही, मूलबाळ नाही. पण त्यांच्या जयंतीला लाखो लोक जेवून जातात आणि त्यांच्या आयुष्यात काही राहून गेलं असं एकालाही वाटत नाही. बालविवाहाला तर त्यांचा स्पष्ट विरोध होता. आणि आम्ही त्यांचाच प्रसाद खात खात वीस वर्षांच्या मुलीला उशीर झाला म्हणतो!

माझी शाळा कॉन्व्हेंटची. त्यामुळे माझं मराठी थोडं कच्चं आहे, संपादक सांभाळून घेतील. पण शाळेतली एक गोष्ट मला इथे सांगितलीच पाहिजे. आम्हाला शिकवणाऱ्या सिस्टर कोणीच लग्न केलेल्या नव्हत्या. गणित शिकवणाऱ्या, ऑफिस चालवणाऱ्या, वेळ पडली तर स्कूलबसच्या ड्रायव्हरला रागावणाऱ्या. दहा वर्षांत एकाही पालकाने "सिस्टर, तुमचं केव्हा?" असं विचारलेलं मी ऐकलं नाही. म्हणजे लग्नाशिवाय माणूस जगू शकतो हे आपल्या समाजाला माहीत आहे आणि त्याबद्दल आदरही आहे. फक्त अट एकच, अंगावर भगवं तरी पाहिजे नाहीतर पांढरं तरी. साध्या सलवार-कमीजमधल्या मुलीला ती सवलत नाही.

गैरसमज नको. मला संन्यास घ्यायचा नाही. लग्न करायचंच नाही, मूल नकोच, असंही काही मी ठरवलेलं नाही. मी अजून काहीच ठरवलेलं नाही, आणि वीसाव्या वर्षी तसं असणं हा गुन्हा नाही, एवढंच म्हणणं आहे.

आमच्या लेडीज हॉस्टेलमध्ये रविवारी रात्री एक वाजताही कॉरिडॉरमध्ये दबक्या आवाजात फोन चालू असतात. सगळेच काही बॉयफ्रेंडचे नसतात हो! अर्धे तरी घरचे असतात. "बायोडाटा पाठवलाय, बघ." "फक्त बघून घे, हो म्हण असं कुठे म्हणतोय?" "शिक्षण काय, लग्नानंतरही होतं." बायोडाटात उंची असते, रंग असतो, नाडी असते. आपण काय शिकतो हे एका ओळीत असतं आणि आपल्याला पुढे काय करायचंय याला तर रकानाच नसतो.

गेल्या वर्षी आमच्या विंगमधली एक मुलगी दिवाळीला घरी गेली ती साखरपुडा करूनच आली. आम्ही पेढे खाल्ले, चिडवलं, अंगठी घालून बघितली. उन्हाळ्यात लग्न झालं. सासरचे म्हणाले होते की शिकू देऊ. या सेमला तिचा बेड रिकामा आहे. तिचे मार्क माझ्यापेक्षा जास्त होते. इंजिनिअरिंग मेकॅनिक्स मला तिने शिकवलं होतं.

बरं, लग्न झालं म्हणजे उशीर संपतो का? मुळीच नाही. माझ्या मावसबहिणीचं लग्न एकविसाव्या वर्षी झालं, म्हणजे अगदी सगळ्यांच्या म्हणण्याप्रमाणे "वेळेत". सहा महिन्यांत "गोड बातमी केव्हा" सुरू झालं. वर्षभरात नवस झाले. दोन वर्षांत डॉक्टर झाले, आणि तपासण्या सगळ्या तिच्या एकटीच्या. वास्तविक मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये कारण पुरुषाकडे, एकट्याचं किंवा दोघांचं मिळून असतं. पण भाऊजींना कोणी तपासायला सांगितलं नाही. उद्या तिला मुलगी झाली तर "आता एक मुलगा, फार गॅप नको" हे वाक्य तयारच असेल. म्हणजे आपल्याकडे उशीर हा विषय एटीकेटीसारखा आहे, एक सुटला की पुढचा लागलाच!

आता मुद्द्याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडते, नाहीतर सर म्हणतील की मुलींनी फक्त तक्रारच लिहिली. शरीराचं घड्याळ असतं हे खरं आहे. मुलीच्या पोटात जन्मतःच दहा-वीस लाख बीजं असतात, वयात येईपर्यंत ती तीन-चार लाखांवर येतात आणि पुढे नवी तयार होत नाहीत. तिशीनंतर मूल राहण्याची शक्यता हळूहळू कमी होते आणि साधारण पस्तिशीनंतर ती उतरण जास्त तीव्र होते. पुरुषांचंही घड्याळ असतं, फक्त ते हळू चालतं आणि त्याचा गजर कोणी लावत नाही. तेव्हा "वय वगैरे काही नसतं" असं जे सिनेमात सांगतात तेही खरं नाही. पण त्याच विज्ञानाने हेही सांगितलंय की वीस वर्षांच्या आतलं बाळंतपण आई आणि बाळ दोघांनाही धोक्याचं असतं. म्हणजे घड्याळ दोन्ही बाजूंनी बोलतं आणि आपण एकाच बाजूचं ऐकतो.

आपल्या भाषेत सांगायचं तर हा फॅक्टर ऑफ सेफ्टीचा प्रश्न आहे. खरी काळजी सुरू होते पस्तिशीच्या आसपास आणि घरचे डिझाइन करतात वीसला. ३५ भागिले २०, म्हणजे १.७५. कागदावर छान दिसतं! पण स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या पहिल्याच लेक्चरला सरांनी काय सांगितलं होतं? आधी सगळे लोड मोजा. इथे एकच लोड मोजलेला असतो, वयाचा. अर्धवट सुटलेली डिग्री, स्वतःचा पैसा नसणं, प्रत्येक गोष्टीला हात पसरावा लागणं, नवरा बरा निघाला नाही तर परत यायला जागा नसणं, हे लोड आकृतीत दाखवलेलेच नाहीत. मग स्ट्रक्चर कोसळलं की म्हणतात, नशीब!

आई-वडील दुष्ट असतात का? नाही. माझे तर अजिबात नाहीत. त्यांच्या घाईला कारणं आहेत. मुलगी जास्त शिकली की तिच्याहून जास्त शिकलेला मुलगा शोधावा लागतो आणि त्याचा "मानपान" वाढतो. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे, पण लग्नाच्या बैठकीत आकडा अजून निघतोच, फक्त त्याचं नाव बदलतं. एखाद वर्षी सोयाबीन काढणीत भिजलं की घराचा अंदाजच कोलमडतो. त्यात मुलगी बाहेरगावी, कोणाशी बोलते कोण जाणे, ही भीती. आजोबांना नातजावई बघायचा असतो. या सगळ्या भीतीचं मिळून एक गाठोडं होतं आणि ते मुलीच्या डोक्यावर ठेवलं की घर हलकं होतं. माझ्या पप्पांनाही रात्री झोप लागत नसेल, हे मला कळतं. पण त्यांच्या झोपेसाठी माझं पूर्ण आयुष्य घाईत बसवायचं, हा हिशेब काही पटत नाही.

आणि हा "उशीर" कोणी दगडावर कोरून ठेवलाय असंही नाही. तो दर पिढीला सरकलाय आणि प्रत्येक वेळी कोणीतरी भांडल्यावरच सरकलाय. मुंबईच्या रखमाबाईंचं अकराव्या वर्षी लग्न झालं. मोठ्या झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. नवऱ्याने १८८४ मध्ये कोर्टात दावा लावला. आधी निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण मग १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन! शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. त्या लंडनला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या, सुरत आणि राजकोटला अनेक वर्षं बायकांवर उपचार केले आणि १९५५ मध्ये, नव्वदी ओलांडून गेल्या. त्या वेळच्या हिशेबाने वीस-बावीस वर्षांच्या रखमाबाईंना किती "उशीर" झाला होता याचा विचार करा.

त्यांच्या खटल्याने जी चर्चा पेटली त्यानंतर १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला आणि वय दहावरून बारा झालं. नुसतं बारा! तेवढ्यावरही धर्म बुडाला म्हणून ओरड झाली. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचं लग्नाचं वय चौदा केलं, १९७८ मध्ये ते अठरा झालं. २०२१ मध्ये एकवीस करण्याचं विधेयक लोकसभेत आलं, पण ते मंजूर न होताच लोकसभेची मुदत संपली. कायद्यात अठरा असूनही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या मुलींपैकी सुमारे २२ टक्के मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. शंभरातल्या बावीस! आपल्या वर्गाच्या हजेरीपटाशी ताडून बघा.

आणि मुलांबद्दल बोलायचं तर एका गणिताच्या प्राध्यापकाचं नाव आपण इंजिनिअरिंगवाल्यांनी तरी विसरू नये. र. धों. कर्वे, महर्षी कर्व्यांचे मुलगे. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्या विचारांपायी कॉलेजची नोकरी गेली, १९२७ पासून १९५३ मध्ये जाईपर्यंत "समाजस्वास्थ्य" मासिक चालवलं. त्यांनी आणि मालतीबाईंनी मूल होऊ द्यायचं नाही असं ठरवलं आणि त्यासाठी शस्त्रक्रिया त्यांनी स्वतःवर करून घेतली, बायकोवर नाही. शंभर वर्षांपूर्वी दोन मराठी माणसं समोरासमोर बसून असं ठरवू शकली. आपण मात्र अजून "लोक काय म्हणतील" यातच अडकलोय.

आता मला सगळ्यात जास्त बोचणारी गोष्ट. २०११ च्या जनगणनेत आपल्या बुलडाणा जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे ८५५ मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी, २००१ मध्ये, ९०८ होत्या. निसर्ग आपला आपण हजार मुलांमागे साधारण साडेनऊशे मुली जन्माला घालतो. मग बाकीच्या कुठे गेल्या? गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा १९९४ चा आहे, म्हणजे कायदा असताना गेल्या.

हा आकडा मी आधी जीकेच्या पुस्तकात वाचला होता आणि विसरलेही होते. यंदा एकदम लक्षात आलं की २०११ मध्ये मी त्याच वयात होते. त्या ८५५ मध्ये मी आहे! आमच्या हॉस्टेलवर या जिल्ह्यातल्या जेवढ्या मुली आहेत, त्यातल्या बहुतेक सगळ्या आहेत. आणि समोरच्या बॉईज हॉस्टेलमधले आपल्याकडचे मित्र त्या हजारात आहेत. मित्रांनो, हसू नका, हिशेब करा. तुमच्यातल्या प्रत्येक हजारामागे शंभरेक जणांच्या जोडीची मुलगी जन्मालाच येऊ दिली नाही.

मोठी आई माझ्या लग्नाची एवढी घाई करत होती ना, तिचा थोरला मुलगा, म्हणजे आमचा दादा, तेहेतीस वर्षांचा आहे. सहा एकर शेती, सोयाबीन-तूर, एक हरभऱ्याचं पीक. दारू नाही, तंबाखू नाही. चार वर्षं झाली, स्थळं बघतोय. मुलीकडचे विचारतात शेती किती, आणि मग म्हणतात की मुलगा नोकरीवाला पाहिजे. शेती पाहिजे पण शेतकरी नको! आता दादा लग्नाला जायचंच टाळतो. उत्सवात तो पंगतीत बसला नाही, वाढायला उभा होता. वाढणाऱ्याला कोणी "तुझं केव्हा" विचारत नाही, हे त्यानेच मला सांगितलं. हसत सांगितलं, पण मला हसू आलं नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अशाच लग्न न जमणाऱ्या तरुणांनी डोक्याला बाशिंग बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर ऑफिसवर मोर्चा काढला होता. पेपरवाल्यांनी गंमत म्हणून फोटो छापले. पण त्यांची एक मागणी होती गर्भलिंगनिदानाचा कायदा कडक राबवण्याची. त्या घोड्यावरच्या नवरदेवांना दुखणं कुठे आहे ते बरोबर कळलं होतं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. माझ्यामागची घाई आणि दादाचं थांबणं, हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. मुलगी म्हणजे ओझं, हे एकदा मनात बसलं की काही घरं ते ओझं जन्माच्या आधीच उतरवतात आणि बाकीची जन्मानंतर होईल तेवढ्या लवकर उतरवायला बघतात. पहिल्या घाईमुळे दादाला मुलगी मिळत नाही आणि दुसऱ्या घाईमुळे माझ्या मैत्रिणीचा बेड रिकामा होतो. उशीर झालाय तो हे ओळखायला झालाय. तो आम्हा मुलींना झालेला नाही आणि दादालाही नाही.

मग करायचं काय? मोर्चा काढा असं मी म्हणणार नाही, सबमिशन तोंडावर आहेत. पण काही गोष्टी आपल्या हातात आहेत. मुलींनो, घरी नुसतं "नको" म्हणू नका, तारीख सांगा. डिग्री अमुक साली, नोकरी अमुक साली, त्यानंतर बोलू. नुसत्या "नको"ला घरचे हट्ट समजतात, तारखेला निदान विचार समजतात. मित्रांनो, दोन-चार वर्षांत तुमच्या घरचेही मुली बघायला निघतील. तेव्हा "शिकलेली पाहिजे, पण नोकरी करणारी नको" असं तुमच्या नावाने कोणी बोलत असेल तर तिथेच थांबवा. हुंड्याचा आकडा तुमच्या डिग्रीवर ठरतो, म्हणून तो नाकारायचा अधिकारही तुमचाच आहे. आणि सर-मॅडम, एखादी मुलगी सुट्टीनंतर परत आली नाही तर हजेरीपटावर तिच्या नावापुढे नुसती रेघ मारू नका. एक फोन करा. कॉलेजमधून फोन आला की घरचे दोनदा विचार करतात. सरकारने २०२४ मध्ये आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, ठरवून दिलेल्या प्रवर्गांतल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी पूर्ण माफ केली, हे खूप चांगलं झालं. पण फी भरली जाते आणि मुलगी मांडवात असते, तर त्या माफीचा उपयोग काय?

पंगत उठल्यावर मी मोठ्या आईला हे सगळं सांगितलं. एवढं नीट नाही, अडखळत सांगितलं. ८५५ चं सांगितलं. दादाचं नाव काढलं तेव्हा ती गप्प झाली. मग म्हणाली, "माह्यं लगन झालं तवा मी पंधराची व्हती. मले कोनं इचारलं व्हतं?"

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. थोडा वेळ आम्ही दोघी ट्रॅक्टरकडे बघत उभ्या राहिलो. पातेली चढवली जात होती.

मग तिने पदराने हात पुसले आणि म्हणाली, "शीक मंग. त्या पोराच्या मायले मी सांगतो, आमची पोरगी आता नाई म्हनते."

पप्पांशी बोलणं अजून बाकी आहे. सेम संपली की घरी जाईन तेव्हा बोलणार आहे. तारीख लिहून नेणार आहे.